मोबाइलच्या नोंदी, अंतर आणि माणसांचे संबंध: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात भूगोल, समाजशास्त्र आणि संख्याशास्त्र शिकणारे विद्यार्थी आणि आपला फोन कोणी ऐकत तर नाही ना, अशी शंका असलेले नागरिक या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. पुणे परिसरातील उदाहरणे विषय उलगडावा म्हणून रचलेली आहेत. संशोधनाचे निष्कर्ष मात्र ज्या देशात अभ्यास झाला त्या देशापुरतेच समजावेत. ते महाराष्ट्राला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत आणि का येत नाहीत, हेही पुढे सांगितले आहे.

या अभ्यासात नेमके काय पाहिले जाते?

कोण कोणाशी बोलतो आणि ती दोन माणसे एकमेकांपासून किती दूर राहतात, या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या जातात. पूर्वी अशी माहिती घरोघरी प्रश्नावली घेऊन गोळा करावी लागे आणि काही शे कुटुंबांपलीकडे जाणे खर्चाच्या दृष्टीने शक्य होत नसे. माणसेही आठवेल तेवढेच सांगतात: गेल्या महिन्यात मावशीशी किती वेळा बोललात, याचे खरे उत्तर सहसा कोणालाच देता येत नाही. मोबाइल कंपनीकडे बिलासाठी आणि कायद्यासाठी ठेवलेल्या नोंदी असतात, आणि त्या लाखो माणसांच्या असतात. या नोंदी संशोधनासाठी जन्मलेल्या नाहीत, हे मात्र सतत लक्षात ठेवावे लागते.

नोंदीत काय असते? बोलणे ऐकले जाते का?

नाही. संशोधनात वापरली जाते ती कॉलची नोंद, म्हणजे वर्तमानपत्रांतील गुन्हेगारीच्या बातम्यांमुळे सर्वांना परिचित झालेला सीडीआर (कॉल डिटेल रेकॉर्ड). त्यात संभाषण नसते. एक नमुना पाहू: फोन करणाऱ्याच्या क्रमांकाऐवजी एक सांकेतिक अक्षरमाला, घेणाऱ्याची दुसरी अक्षरमाला, रविवार, रात्रीचे ८ वाजून ४७ मिनिटे, ३१२ सेकंद, आणि ज्या टॉवरवरून फोन लागला त्याचा संकेतांक, समजा सदाशिव पेठेतला. एवढीच ती ओळ. फोन करणारी स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलगी आहे आणि पलीकडे परभणीला तिची आई आहे, हे त्या ओळीत कोठेही लिहिलेले नसते. मात्र अशीच ओळ दर रविवारी रात्री त्याच सुमारास येत राहिली, तर संशोधकाला बराच अंदाज करता येतो, आणि या पद्धतीची ताकद व तिचा धोका दोन्ही तेथेच आहेत.

पोलीस एखाद्या आरोपीचा सीडीआर काढतात तेव्हा त्यांना एक विशिष्ट माणूस शोधायचा असतो. संशोधकाला कोणताही विशिष्ट माणूस नको असतो. त्याला हजारो ओळींतून उमटणारी घडण हवी असते. हा फरक समजला की निम्म्या शंका फिटतात. उरलेल्या निम्म्या रास्त आहेत.

माणूस कोठे राहतो, हे टॉवरवरून कसे ठरवतात?

काही अभ्यासांत ग्राहकाने बिलासाठी दिलेल्या पत्त्याचा पिन कोड वापरतात. तो नसेल तर रात्रीच्या वेळी फोन सर्वांत जास्त दिवस ज्या टॉवरला जोडलेला दिसतो, ते घर मानतात. प्रत्येक टॉवरभोवती एक क्षेत्र कल्पून, त्या क्षेत्रातील प्रत्येक बिंदूला तोच टॉवर सर्वांत जवळचा, असे गृहीत धरले जाते. शहरात हे क्षेत्र काही शे मीटरांचे असते, तर मुळशी किंवा वेल्ह्याच्या डोंगराळ भागात कित्येक किलोमीटरचे. शिवाय फोन नेहमी जवळच्याच टॉवरला चिकटतो असे नाही. गर्दीच्या वेळी तो शेजारच्या टॉवरकडे ढकलला जातो, आणि सिंहगडासारख्या उंच जागी उभे राहिले तर दूरदूरच्या टॉवरची रेंज मिळते.

रात्रीच्या टॉवरचा नियम कोठे फसतो, याचे चांगले उदाहरण आपल्याकडेच आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या टोळ्या साधारण दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांच्या परिसरात येतात आणि हंगाम संपला की परततात. संशोधकाला मिळालेल्या नोंदी नेमक्या नोव्हेंबर ते मार्चच्या असतील, तर ही सगळी कुटुंबे दौंड किंवा बारामती तालुक्याची कायमची रहिवासी ठरतील आणि बीडला राहिलेल्या म्हाताऱ्या आईवडिलांना केलेले त्यांचे फोन दूरवरच्या परिचितांना केलेले फोन म्हणून मोजले जातील. आषाढातल्या पालखीचे दिवसही असेच. त्या काळातील नोंदींवर विसंबून वारकऱ्याचे घर ठरवायला बसले तर ते कधी हडपसर, कधी सासवड, कधी वाल्हे निघेल. म्हणून कालखंड किती लांब आहे याच्याआधी तो वर्षातला कोणता आहे, हे विचारावे.

दोन क्रमांकांत फोन झाला म्हणजे संबंध आहे असे मानायचे का?

एकदाच झालेल्या फोनला बहुतेक संशोधक संबंध मानत नाहीत. चुकून लागलेला नंबर, बँकेचा कर्जासाठी आलेला फोन, पार्सल घेऊन दारात उभा असलेला मुलगा या सगळ्यांच्या ओळी सारख्याच दिसतात. त्यामुळे दोन्ही बाजूंनी किमान एकेक फोन झालेला असावा, अशी अट घालतात आणि कॉल सेंटरसारखे असंख्य ठिकाणी एकतर्फी फोन करणारे क्रमांक गाळून टाकतात.

ही चाळणी उपयोगी आहे, पण ती सर्व प्रश्न सोडवत नाही. मार्केट यार्डातील आडत्या पहाटे जुन्नर तालुक्यातील टोमॅटो उत्पादकाला फोन करतो, दुपारी तो शेतकरी पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, विचारायला उलटा फोन करतो, आणि हे वर्षानुवर्षे चालते. नोंदींच्या दृष्टीने हा संबंध दोन सख्ख्या भावांच्या संबंधाहून घट्ट दिसेल. त्याला सामाजिक संबंध म्हणायचे की व्यवहार, यावर माझे मत असे की तो दोन्ही आहे आणि त्याला वगळू नये. मात्र पहाटेचे फोन, रात्रीचे फोन आणि सुट्टीच्या दिवसांचे फोन वेगवेगळे मोजावेत.

अंतर वाढले की संबंध किती कमी होतात?

या विषयातील हा सर्वांत जुना आणि सर्वांत समाधानकारक उत्तर मिळालेला प्रश्न आहे. स्थलांतरित माणसे बहुधा जवळच्या ठिकाणीच जातात, हे भूगोलतज्ज्ञ रॅव्हनस्टाइन यांनी १८८५ मध्ये ब्रिटनच्या जनगणनेवरून दाखवले होते. दोन शहरांतील ये-जा त्यांच्या लोकसंख्यांच्या गुणाकाराच्या सम प्रमाणात आणि अंतराच्या व्यस्त प्रमाणात असते, असे सूत्र अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ झिफ यांनी १९४६ मध्ये मांडले. मोबाइलच्या नोंदींनी या विचाराला प्रथमच माणसामाणसांतील संबंधांच्या पातळीवर तपासता येईल असे रूप दिले.

बेल्जियममधील एका कंपनीच्या २५ लाख ग्राहकांच्या सहा महिन्यांतील ८१ कोटी फोन व संदेशांच्या नोंदींवर आधारलेला लाम्बियॉट आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन ग्राहकांत दुवा असण्याची शक्यता त्यांच्यातील अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, असे त्यात आढळले. पुढच्याच वर्षी त्याच देशातील ५७१ शहरे व गावांमधील फोनचा एकूण ओघ पाहिला, तेव्हाही लोकसंख्यांचा गुणाकार भागिले अंतराचा वर्ग हेच सूत्र बसले.

पुण्याच्या भाषेत सांगायचे तर सातारा पुण्याहून सुमारे ११० किलोमीटरवर आहे आणि कोल्हापूर त्याच्या साधारण दुप्पट अंतरावर. हा नियम येथे लागू झाला, तर एखाद्या पुणेकराचा कोल्हापुरातील कोणत्याही एका माणसाशी दुवा असण्याची शक्यता साताऱ्यातील एका माणसाच्या तुलनेत चौथाईवर येईल.

यावर विद्यार्थी लगेच म्हणतात की मग दूरचे संबंध जवळजवळ नसतातच. तसे नाही. अंतर वाढते तशी त्या अंतरावर राहणाऱ्या माणसांची संख्याही वाढते, कारण वर्तुळाचा परीघ मोठा होत जातो. लोकवस्ती सर्वत्र सारखी आहे असे मानले, तर १० ते २० किलोमीटरच्या पट्ट्यात जितके संबंध निघतील तितकेच २० ते ४० च्या पट्ट्यात आणि तितकेच ४० ते ८० च्या पट्ट्यातही निघतील. एकेका माणसाशी ओळख असण्याची शक्यता झपाट्याने घसरते, पण माणसाच्या एकूण गोतावळ्यात दूरच्यांचा वाटा टिकून राहतो. गणित वहीवर करून पाहावे. पाच ओळींत सुटते.

हे सूत्र इतके चांगले बसते, तर मग अभ्यासण्यासारखे काय उरते?

जे सूत्रात बसत नाही ते. माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचे खरे फळ तेच आहे. लोकसंख्या आणि अंतर यांवरून अपेक्षित संबंध किती, हे सूत्र सांगते. प्रत्यक्षातल्या संबंधांतून ते वजा केले की जे शिल्लक राहते त्यात समाज दिसू लागतो. पुण्यात लातूर, नांदेड, परभणीकडची मुले शिकायला येतात, चाकण आणि भोसरीच्या कारखान्यांत विदर्भ-मराठवाड्यातील तरुण कामाला असतात. अशा शहराच्या नोंदी अंतराच्या सूत्राशी ताडून पाहिल्या, तर नकाशावर कोणत्या जिल्ह्यांकडे अपेक्षेहून जाड रेषा निघतील, याचा अंदाज स्वारगेट किंवा वाकडेवाडीच्या एसटी स्थानकावर दिवाळीच्या आदल्या दिवशी उभ्या राहिलेल्या कोणालाही करता येईल. नोंदींमुळे त्या अंदाजाला आकडा मिळतो.

बेल्जियमच्या २००८ मधील त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती, जी सूत्राइतकी प्रसिद्ध झाली नाही. तीन माणसे एकमेकांना ओळखतात अशा त्रिकुटांकडे त्यांनी पाहिले, तेव्हा ही त्रिकुटे शेजाऱ्यापाजाऱ्यांचीच असतात असे नाही, ती बऱ्याच दूरवर पसरलेलीही असतात, असे दिसले. तोपर्यंतच्या गणिती प्रतिमानांतून (मॉडेलांतून) हे निघत नव्हते. माणसे गाव सोडतात, नव्या ठिकाणी रुळतात, पण जुने संबंध सोबत नेतात, असे गृहीत धरून केलेल्या नव्या प्रतिमानातून ते निघाले. कोथरूडमधली बहीण, औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा भाऊ आणि गावी राहिलेला चुलत भाऊ हे तिघे एकमेकांशी बोलतात, ते कधीकाळी एकाच अंगणात वाढले म्हणून. आजचे अंतर मोजताना कालचा पत्ता विसरू नये, असा त्याचा अर्थ.

आपल्याकडे याला लग्नसंबंधांची जोड द्यावी लागेल. डेक्कन कॉलेजात काम केलेल्या इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये भारतातील नातेव्यवस्थेची उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व अशा विभागांत मांडणी केली आणि महाराष्ट्राला मध्य विभागात ठेवले. उत्तरेत मुलगी परक्या गावात, अनोळखी घरात देण्याकडे कल असतो. दक्षिणेत ओळखीच्या नात्यातच सोयरीक जुळवण्याकडे. महाराष्ट्रात दोन्हींची सरमिसळ असून मामाची मुलगी करण्याची रीत अनेक समाजांत आहे. सासर आणि माहेर यांतील अंतर अशा रीतींवर अवलंबून असेल, तर स्त्रियांच्या फोनसंबंधांचा विस्तारही त्यांवर अवलंबून असणार. हा प्रश्न मोबाइलच्या नोंदींतून तपासण्याजोगा आहे आणि बेल्जियमच्या संशोधकाला तो सुचण्याचे काही कारण नव्हते.

भाषा आणि प्रशासकीय सीमा यांचा परिणाम दिसतो का?

ठळकपणे दिसतो. बेल्जियममधीलच २६ लाख ग्राहकांचे जाळे संगणकाने केवळ फोनच्या आधारे गटांत विभागले, तेव्हा मोठे गट जवळजवळ पूर्णपणे एकेका भाषेचे निघाले, डच किंवा फ्रेंच. दोन्ही भाषा मिसळलेला एक गट तेवढा मधोमध उरला. भाषेची माहिती संगणकाला आधी दिलेली नव्हती. ब्रिटनमध्ये २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १२०० कोटी फोनवरून देशाचा नकाशा नव्याने काढला गेला. त्या नोंदी मोबाइलच्या नव्हत्या, घरगुती तारेच्या फोनच्या होत्या. स्कॉटलंड स्पष्टपणे वेगळे पडले, तर वेल्सचे संबंध लगतच्या इंग्लिश भागांत मिसळलेले आढळले. सोलापूर, अक्कलकोट, बेळगाव या पट्ट्यात असे पाहिले तर काय निघेल, याबद्दल मला फार कुतूहल आहे.

वारंवार फोन होणारे संबंध महत्त्वाचे की क्वचित होणारे?

कशासाठी, यावर ते अवलंबून आहे. ओनेला आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ४६ लाख ग्राहकांच्या जाळ्यातून आधी भरपूर बोलणाऱ्यांचे दुवे एकेक करून काढले, तेव्हा जाळे हळूहळू आक्रसले. क्वचित बोलणाऱ्यांचे दुवे काढले, तेव्हा ते एका टप्प्यावर एकदम विस्कटले. क्वचित बोलणारी माणसेच वेगवेगळ्या गटांना जोडून ठेवतात, हे समाजशास्त्रज्ञ ग्रॅनोव्हेटर यांचे १९७३ मधील म्हणणे त्यातून मोठ्या प्रमाणावर पडताळले गेले.

माणूस दुसऱ्या शहरात गेला की त्याचे संबंध बदलतात का?

माणसे बदलतात, वाटणी फारशी बदलत नाही. ब्रिटनमध्ये शाळा संपवून विद्यापीठात किंवा नोकरीत गेलेल्या २४ विद्यार्थ्यांचे फोन १८ महिने अभ्यासले गेले. त्यांची जवळची माणसे बरीच बदलली, पण सर्वांत जवळच्याला किती वेळ, त्याच्या खालच्याला किती, ही प्रत्येकाची स्वतःची ठेवण जवळपास तशीच राहिली. पोर्तुगालमधील अभ्यासात असेही दिसले की लोक ज्या ठिकाणी जातात त्यांपैकी सुमारे ८० टक्के ठिकाणे कोणा ना कोणा परिचिताच्या ठिकाणापासून २० किलोमीटरच्या आत असतात. पुण्यातला नोकरदार शनिवार-रविवार कोठे जातो, याचे निम्मे उत्तर त्याच्या फोनच्या यादीत असते.

याचा व्यवहारात काही उपयोग आहे का?

आहे. केनियातील सुमारे दीड कोटी ग्राहकांच्या नोंदींवरून मलेरियाचा जंतू माणसांसोबत कोठून कोठे जातो, हे २०१२ मध्ये दाखवले गेले. रवांडात २००८ मध्ये किवू सरोवराजवळ भूकंप झाला, तेव्हा लोकांनी भूकंपग्रस्त भागातील आपल्या माणसांना मोबाइलवरून टॉकटाइम पाठवला. ही मदत जवळच्यांकडून जास्त आली आणि ज्यांनी पूर्वी दुसऱ्यांना दिले होते त्यांना ती जास्त मिळाली. संकटात कोण कोणाकडे हात पसरतो, हे सरकारी पाहणीत इतक्या लवकर कधीच कळत नाही.

महाराष्ट्रात असा अभ्यास करताना कोणत्या अडचणी येतील?

पहिली अडचण अशी की एकाच कंपनीच्या नोंदी मिळाल्या, तर दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाचा क्रमांक दिसतो पण त्याचे ठिकाण दिसत नाही. दुसरी, एका खिशात दोन सिम. घरचे एक, कामाचे एक. संशोधकाच्या लेखी ती दोन माणसे. दूरसंचाराच्या दृष्टीने मुंबई आणि उर्वरित महाराष्ट्र-गोवा ही दोन वेगळी परिमंडळे आहेत, त्यामुळे पुणे-मुंबई हा आपल्याला सर्वांत जास्त हवा असलेला संबंध दोन वेगळ्या नोंदसंचांत विभागलेला असू शकतो.

त्याहून मोठी अडचण काळाची आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर फोनवर बोलणे जवळपास फुकट झाले. त्याआधी मिस्ड कॉल देऊन निरोप पोचवणारी माणसे तासन्‌तास बोलू लागली, म्हणून २०१५ आणि २०१८ च्या नोंदींची थेट तुलना करता येत नाही. आणि आता बरेचसे बोलणे व्हॉट्सअ‍ॅपवर होते, जे सीडीआरमध्ये संबंध म्हणून दिसतच नाही. साध्या कॉलमध्ये आता म्हातारे आईवडील, गावाकडची माणसे आणि धंद्याचे फोन जास्त उरले आहेत असे मला वाटते.

सर्वांत अवघड प्रश्न फोन कोणाचा, हा आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरता येईल असा मोबाइल होता. नवऱ्याच्या नावावरचे सिम बायको वापरते, किंवा संध्याकाळी नवरा घरी आला की त्याच्याच फोनवरून ती माहेरी बोलते. नोंदीत तो एका पुरुषाने सासुरवाडीला केलेला फोन ठरतो. वर सुचवलेला सासर-माहेरचा प्रश्न नुसत्या नोंदींवर सोडवता येणार नाही, तो यामुळे. सोबत घरोघरी जाऊन केलेली छोटी पाहणी हवीच.

नाव-नंबर काढून टाकले तरी ओळख पटू शकते का?

होय, आणि या बाबतीत संशोधकांनी गुळमुळीत उत्तरे देऊ नयेत. १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या नोंदींवर द मोंजॉय आणि सहकाऱ्यांनी केलेल्या २०१३ मधील अभ्यासात, केवळ चार ठिकाणे आणि वेळा माहीत असल्या तर ९५ टक्के लोक वेगळे ओळखू येत होते. सोमवारी सकाळी कात्रज, दुपारी हिंजवडी, गुरुवारी रात्री डेक्कन, रविवारी मंचर: ही चार ठिकाणे तुमच्या शेजाऱ्यालाही ठाऊक असतात. टॉवरऐवजी मोठा प्रभाग धरला किंवा तासाऐवजी दिवस धरला, तर धोका कमी होतो, पण फार सावकाश.

म्हणून चांगल्या प्रकल्पांत जास्तीची काळजी घेतात. कोत दिव्हुआर (आयव्हरी कोस्ट) या पश्चिम आफ्रिकेतील देशातल्या नोंदी २०१२-१३ मध्ये संशोधकांना खुल्या केल्या, तेव्हा टॉवरपर्यंतचे तपशील असलेल्या संचातील सांकेतिक क्रमांक दर दोन आठवड्यांनी बदलले होते. त्याहून सुरक्षित मार्ग म्हणजे मूळ नोंदी कंपनीबाहेर जाऊच न देणे आणि तालुक्या-तालुक्यांतील एकूण फोनची बेरीज तेवढी बाहेर देणे. अंतराचे सूत्र तपासायला ती पुरते.

कायदा काय म्हणतो?

दूरसंचार कंपन्यांना या नोंदी किमान दोन वर्षे जपून ठेवाव्या लागतात. २०२१ च्या अखेरीस परवान्याच्या अटींत तसा बदल झाला. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित होऊन टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. संशोधन आणि संख्याशास्त्रीय कामासाठी या कायद्यात सवलत आहे, मात्र त्या माहितीवरून कोणा एका व्यक्तीबाबत निर्णय घेतला जाऊ नये आणि ठरवून दिलेली मानके पाळली जावीत, अशा अटींवर. कंपनीतल्या ओळखीच्या माणसाकडून पेन ड्राइव्हवर मिळवलेल्या नोंदींना कोणतीही सवलत लागू होत नाही.

एम.ए. किंवा एम.एस्सी. च्या प्रबंधासाठी अशा नोंदी मिळतील का?

बहुधा नाही, आणि त्यांच्या मागे वर्ष घालवू नये. त्याऐवजी तीस-चाळीस इच्छुक सहभागींना त्यांच्या स्वतःच्या फोनमधील गेल्या महिन्याची कॉल यादी समोर ठेवून बसायला सांगावे आणि प्रत्येक क्रमांकापुढे नाव न लिहिता तीनच गोष्टी भरून घ्याव्यात: नाते कोणते, तो माणूस सध्या कोणत्या तालुक्यात राहतो, आणि ओळख झाली तेव्हा दोघे कोठे राहत होते. व्हॉट्सअ‍ॅपवरील कॉलचा वेगळा रकाना ठेवावा. लेखी संमती घ्यावी, कागद सहभागीने स्वतः भरावा आणि फोन त्याच्याच हातात राहू द्यावा. तालुक्यांमधील अंतरे नकाशावरून काढावीत, लोकसंख्या आणि स्थलांतराचे तक्ते २०११ च्या जनगणनेतून घ्यावेत. तिसऱ्या रकान्याकडे विशेष लक्ष द्यावे. कंपनीच्या कोट्यवधी ओळींत तो नसतो.